आग्रह एक, उपाशी चार

इंटरमिटंट फास्टिंग करणाऱ्या माणसाचा खरा शत्रू भूक आहे, असा गैरसमज पुस्तकांनी पसरवून ठेवला आहे. भूक तशी समंजस असते. ती येते, थोडा वेळ कुरकुरते, पाणी प्यायलं की बाजूला बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर होते. आग्रहाचं तसं नाही. ‘नको’ ऐकून त्याला चेव येतो, आणि सणावाराला तर तो नवे कपडे घालून दारात उभाच असतो. नागपूरहून वर्धा रोडने तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. तिथल्या एमआयडीसीत टायरपासून पॉलिएस्टरच्या धाग्यापर्यंत काय काय तयार होतं आणि तिन्ही पाळ्यांत कुणी ना कुणी जेवत असतं. अशा ठिकाणी ‘आज संकष्टी आहे’ म्हटलं की पुढे आलेली बशी निमूट मागे जाते, वर ‘चंद्र कितीला आहे हो?’ अशी आस्थेची विचारपूसही होते. त्याच माणसाने ‘माझं सोळा-आठ चालू आहे’, म्हणजे सोळा तास उपास आणि उरलेल्या आठ तासांतच खाणं, असं म्हटलं तर ‘डॉक्टरनं सांगितलं का?’ असा प्रश्न येतो, आणि उत्तर ‘नाही’ आलं की बशीत आणखी एक लाडू पडतो. या लेखाचा विषय तो जास्तीचा लाडू आहे. सणासुदीत उपाशी राहू पाहणाऱ्याला धीर देणारे पुष्कळ भेटतात. त्याला खरी गरज असते ती त्याच्या बाजूने ‘नको’ म्हणणाऱ्यांची, आणि ते मोजके, जवळचे आणि त्याच्याच पाळीतले असावे लागतात.

आधी शत्रूची ताकद मोजू. अमेरिकेत खाण्याचा मोसम थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. तेवढ्यात माणूस किती वाढतो हे तिथल्या संशोधकांनी १९५ प्रौढांना वजनकाट्यावर उभं करून पाहिलं आणि २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलं. आकडा निघाला सरासरी ३७० ग्रॅम. लोकांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा तो बराच कमी होता, त्यामुळे हुश्श करायला हरकत नव्हती. पण गोम पुढेच होती. हे वाढलेलं वजन नंतरच्या महिन्यांत उतरत नाही, आलेला पाहुणा राहूनच जातो. त्याच नियतकालिकात २०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांची वजनं आली आणि ज्याचा जो सण, त्याच सुमारास त्याचं वजन चढलेलं दिसलं. आता आपला मोसम पाहा. तो पोळ्याला सुरू होतो. मग गणपती, महालक्ष्म्या, पितरांच्या निमित्ताने खीर-वडे, १७ सप्टेंबरला कारखान्यातली विश्वकर्मा पूजा, खंडेनवमीला यंत्रांना हार आणि माणसांना बुंदी, दसरा, कोजागिरीचं आटीव दूध, दिवाळी, तुळशीचं लग्न आणि त्या लग्नापाठोपाठ माणसांची लग्नं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार जेवायला नागपुरात येतं, शेतांवर हुरडा सुरू होतो, मग एकतीस डिसेंबर आणि शेवटी संक्रांतीचा तीळगूळ. सहा आठवड्यांना ३७० ग्रॅम, तर साडेचार महिन्यांना किती, हे त्रैराशिक चौथीतलं पोरही सोडवेल. म्हणूनच ते पोरांना घालू नये.

आग्रहाचं तंत्र जवळून पाहायचं तर विदर्भातली महालक्ष्म्यांची पंगत गाठावी. नैवेद्य-आरती आटोपल्याशिवाय पानं वाढत नाहीत, त्यामुळे दुपार कलेपर्यंत घरातले सगळेच न ठरवता सोळा तासांचा उपास काढून बसलेले असतात. मग पान येतं. सोळा भाज्यांची मिळून केलेली भाजी, कढी, आंबील, वडे, भजी, चटण्या, कोशिंबिरी आणि पुरणपोळी. पोळीवरची तुपाची धार ‘पुरे’ म्हटल्यावर खरी सुरू होते. दुसऱ्या पोळीला जेवणारा पानावर आडवा हात धरतो. वाढणारी घाई करत नाही, वादही घालत नाही. ती नुसती त्या हाताकडे पाहत उभी राहते. शेजारचा मीठ मागतो, हात मिठाकडे जातो आणि पोळी जागेवर पडते. मागून घरच्या काकूंचा आवाज येतो, ‘घ्या ना जी, एका पोळीनं काय होते!’ एका पोळीने खरंच काही होत नाही. पण हे वाक्य प्रत्येक पोळीला नव्याने म्हटलं जातं आणि चौथ्या पोळीच्या वेळीही पोळी एकच असते. या आग्रहात कपट नसतं, ही मोठी पंचाईत आहे. राबून केलेलं अन्न आणि मनापासूनचं प्रेम एकाच वेळी नाकारायला फार कठोर काळीज लागतं. ठेकेदाराचं बिल तीन महिने अडवून धरणारा अधिकारीही काकूंच्या ‘आमच्या हातचं आवडत नाही वाटतं’ या एका वाक्याला ताट पुढे करतो. इथे त्याची इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं आहे. एक जण जेवायला बसला होता आणि सहा जण वाढायला उभे होते, एवढाच त्याचा हिशेब.

आपल्या पूर्वजांनी हा हिशेब ओळखला होता, म्हणून त्यांनी उपास कधी एकट्याच्या गळ्यात घातला नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात त्यांनी खाण्याचे सण आणि न खाण्याची व्रतं शेजारी शेजारी बसवली. हरितालिकेचा उपास होतो आणि दुसऱ्या दिवशी मोदक. नवरात्र उठतं आणि दसरा येतो. कुणी कधी खायचं नाही आणि कधी सोडायचं, हे घराला, शेजाराला आणि वाण्याला आधीपासून ठाऊक असतं. १९७३पासून ‘कालनिर्णय’ने हे वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलं आणि संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळही छापली. छापील वेळेशी मराठी माणूस हुज्जत घालत नाही. रमजानमध्ये तर सगळ्या मोहल्ल्याचा रोजा एका मिनिटाला सुटतो. कारखान्यातही त्या वेळेला शेजारचा माणूस ‘जा तू, मशीन मी पाहतो’ म्हणतो. त्याला रोज्याचं शास्त्र माहीत असण्याची गरज नसते, फक्त वेळ माहीत असावी लागते. आता साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा कूट, तुपातली भगर आणि बटाट्याचे पापड खाऊन केलेल्या एकादशीने कुणाचं वजन घटल्याची नोंद नाही, आणि ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण काही शत्रूंनी रचलेली नाही. आहाराच्या दृष्टीने तो उपास नापास झाला हे मान्य करून टाकू. पण व्यवस्थेच्या दृष्टीने तो पैकीच्या पैकी गुण मिळवतो, कारण उपाशी माणसाला स्वतःची बाजू मांडायची वेळच त्यात येत नाही.

नव्या उपासाला नेमकी हीच व्यवस्था मिळाली नाही, आणि याचं वाईट वाटण्याचं कारण असं की त्याचं एक मूळ नागपुरातच आहे. काटोलकडच्या आजनगावात जन्मलेले आणि १९८० साली, वयाची तिशीही गाठली नसताना आमदार झालेले डॉ. श्रीकांत जिचकार पदव्यांच्या भेंडोळ्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हेही ते व्याख्यानांतून सांगत. २००४ साली अपघातात ते गेले. त्यांच्या मांडणीवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. यातल्या ५५ मिनिटांचं स्वागत फार मनापासून झालं, कारण रोजचं जेवण वीस मिनिटांत उरकणाऱ्या मंडळींना पस्तीस मिनिटं नव्याने मंजूर झाली होती. चालण्याच्या ४५ मिनिटांविषयी तितका उत्साह दिसला नाही. या मोहिमेची खरी कल्पकता मात्र तिच्या व्हॉट्सॲप गटांत होती. एकाने शंका विचारावी, दुसऱ्याने रिपोर्ट टाकावा, तिसऱ्याने हुरूप द्यावा. उपासाला सोबत लागते हे तिथे कुणीतरी पुन्हा ओळखलं. तरी शेकडो सदस्यांच्या गटाला एक मर्यादा असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमच्यासमोर अनारशांचं ताट घेऊन कोण उभं आहे, हे त्या गटाला दिसत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा दाखवतो, तोवर अनारसे आत गेलेले असतात.

बुटीबोरीत तर मोठ्या गटाची आणखी पंचाईत आहे, कारण इथे सगळ्यांची रात्र एका वेळी होत नाही. ‘रात्रीचं जेवण आठच्या आत’ हा सल्ला सेकंड शिफ्टवाल्याने ऐकायचा तर त्याने मशीन थांबवायला हवं. नाईट करून सकाळी घरी आलेल्याच्या पुढ्यात पोहे येतात. ते त्याचा नाश्ता की कालचं राहिलेलं जेवण, याचा निर्णय कुठल्याही आहारतज्ज्ञाने दिलेला नाही. त्यात पाळी बदलली की ठरवलेले आठ तास दिवसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतात आणि पोटाला नवी रुजुवात करावी लागते. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कॅन्टीनची सोय सांगितली ती कलम ४६मध्ये, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली ती कलम ५५मध्ये. दीक्षितांची मिनिटं ५५ आणि कायद्याचं कलम ५५ हा योगायोग पाहून कुणाच्या आशा पल्लवित होतील, पण कलमाने अर्धाच तास दिला होता, आणि हात धुणं, रांगेत उभं राहणं, ताट परत ठेवणं हे सगळं त्यातच. अशा अर्ध्या तासात उपाशी माणसाने आपला इन्सुलिनचा सिद्धान्त समजावून सांगायचा म्हटलं तर सिद्धान्त संपण्याआधी भोंगा होतो. म्हणून त्याला असे सोबती हवेत ज्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. ते त्याच पाळीत असतात, त्याच कंपनीच्या बसने येतात आणि त्याच टेबलावर बसतात. ही माणसं निवडायला कुठे जावं लागत नाही, कारण पाळ्यांच्या तक्त्याने ती आधीच निवडून ठेवलेली आहेत.

किती माणसं, याचंही उत्तर आहे. अमेरिकेत रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी १९९९ साली वजन घटवण्याच्या एका कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना एकेकटं घेतलं होतं आणि काहींना आणखी तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत आणायला सांगितलं होतं. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के शेवटपर्यंत टिकले आणि घटलेलं वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्ण राखणारे निघाले २४ टक्के. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचं शिक्षणही मिळालेल्यांत टिकले ९५ टक्के आणि वजन राखणारे ६६ टक्के. म्हणजे आपण आणि तिघे, एकूण चार. कॅन्टीनच्या टेबलालाही चारच खुर्च्या असतात, त्यामुळे विज्ञान आणि फर्निचर इथे एकमताने बोलतात. चौघांचा पहिला फायदा असा की नकाराला प्रतिष्ठा येते. न जेवणं हा एकाचा नखरा असतो, दोघांचं ते खूळ असतं आणि चौघांचा तो नियम होतो. ‘मला नको’ या वाक्याला खोडून काढता येतं, ‘आमचं चौघांचं चालू आहे जी’ या वाक्याशी कुठून भांडायला सुरुवात करावी हे आग्रह करणाऱ्याला कळत नाही. दुसरा फायदा श्रमविभागणीचा. साहेबांच्या मुलाच्या बारशाचे पेढे आले की एकाने मुलाचं नाव विचारावं, दुसऱ्याने पेढ्याच्या रंगाची तारीफ करावी, तिसऱ्याने चारही पेढे डब्यात घालून ‘जेवताना खातो’ म्हणावं आणि चौथ्याने घड्याळाकडे पाहावं. पेढे देणाऱ्याचा मान राहतो आणि पेढेही राहतात.

यावर पहिला आक्षेप स्वाभिमानी माणसांचा असतो. संयम हा ज्याचा त्याने करायचा, त्याला चार जणांच्या कुबड्या कशाला? हा आक्षेप घेणारे बहुधा असे असतात ज्यांना घरी कुणी दुसऱ्यांदा वाढत नाही. खाणं आपल्याकडे कधीच एकट्याचं नव्हतं, तर न खाणं तेवढं एकट्याचं कसं असेल? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. असे गट लवकरच पोलीस चौकी होतात. कुणी काय खाल्लं याचे पंचनामे सुरू होतात, वजनकाट्याचे फोटो फिरतात आणि ज्याचं वजन उतरत नाही तो बस बदलतो. हे खरं आहे, आणि त्यावर उपाय म्हणून गटाचं काम आधीच आखून घ्यावं. गटाने फक्त बाहेरचा आग्रह परतवायचा, आतल्या माणसाची झडती घ्यायची नाही. सदस्याने लाडू खाल्ला तर तो त्याचा आणि लाडवाचा खाजगी प्रश्न. वजन विचारायचं नाही, ‘बारीक दिसायला लागलास’ असंही म्हणायचं नाही, कारण महिन्याभराने कुणी तसं म्हटलं नाही की तो माणूस उगाच खचतो.

तिसरा आक्षेप विज्ञानाकडून येतो आणि तो प्रामाणिकपणे ऐकायला हवा. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल व्यक्तींचे दोन गट करून वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांनी मोजून कमी खाल्लं, त्यातल्या एकाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्लं. २०२२ साली निकाल आला. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्यांचं ६.३ किलोने उतरलं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस ठरला नाही. मग घड्याळाचा खटाटोप कशाला? उत्तर असं की घड्याळाचा उपयोग इन्सुलिनपेक्षा नातेवाइकांसाठी जास्त आहे. ‘मी आज चारशे कॅलरी कमी खाणार आहे’ हे वाक्य पंगतीत टिकत नाही, कारण चारशे कॅलरी कुणाला दिसत नाहीत आणि पुरणपोळी दिसते. ‘आठनंतर खात नाही’ हा नियम सासूबाईंना, पोरांना आणि कॅन्टीनवाल्याला एका दमात कळतो आणि त्यांना तो पाळायला मदत करता येते. ज्या नियमाची राखण दुसऱ्याला करता येते, तोच सणात टिकतो. ग्वांगझूच्या प्रयोगाने घड्याळातली जादू काढून घेतली, सोय तिथेच आहे.

मात्र एका बाबतीत चौघांनी विनोद बाजूला ठेवायला हवा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, खाण्याशी जुनं वैर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खेळ खेळू नये. नाईटला मशीनवर उभ्या सोबत्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर तासांची उजळणी न करता त्याला तीन चमचे साखर पाण्यातून पाजावी आणि दवाखान्यात न्यावं. तो गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. अशा वेळी उपास मोडण्याचा आग्रह हाच खरा आधार. दुसरी गोष्ट त्या बाईची, जिच्याविषयी उपासाची पुस्तकं गप्प असतात. घरातले पुरुष सोळा तास अभिमानाने उपाशी राहतात तेव्हा दिवाळीचा चिवडा परतणारी, पाकाची तार पाहणारी आणि दर घाण्याला मीठ चाखणारी बाई बहुधा तीच असते. तिचंही सोळा-आठ चालू असेल तर तिचा उपास चिमटीचिमटीने सुटत राहतो आणि त्याची नोंदही होत नाही. तिला ‘जमेल तुला’ असा संदेश पाठवण्यापेक्षा झारा हातात घेऊन मीठ आपण चाखणं, हा आधाराचा जास्त पटणारा प्रकार आहे.

राहिला सणाचा हक्क. ‘वर्षातून एकदा तर येते दिवाळी’ हा युक्तिवाद नाकारण्यात अर्थ नाही, फक्त तो पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला वापरता येणार नाही. चौघांनी मोसमाच्या आधीच बसून ठरवावं की पोळा, महालक्ष्म्या, दसरा आणि लक्ष्मीपूजन हे आपले जेवायचे दिवस, त्या दिवशी पोळीही खायची आणि तूपही घ्यायचं. कारखान्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की आधी अर्ज देऊन घेतलेली रजा वेगळी आणि न सांगता मारलेली दांडी वेगळी. आणि उरलेल्या दिवसांसाठी शेवटचा, सगळ्यात व्यवहारी उपाय म्हणजे आग्रह करणाऱ्यांनाच गटात घेणं. आपल्या समाजात दुसरं काही कमी-जास्त असेल, आग्रहाचा साठा अमर्याद आहे, आणि तो थोपवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा तो रस्त्याला लावावा. ज्या काकू ‘एका पोळीनं काय होते’ म्हणून चौथी पोळी वाढतात, त्यांच्यावर संध्याकाळच्या साडेचार किलोमीटरची जबाबदारी सोपवून पाहावी. चौघे तिसऱ्या किलोमीटरला दमून पाराशी टेकले की ‘आणखी एका फेरीनं काय होते जी!’ म्हणून त्या चौघांनाही उठवतील, आणि त्यांना नाही म्हणणं कुणाला जमलेलं नाही, हे तर आपण पंगतीत पाहिलंच आहे.